सात नंबरचा टीव्ही

भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला आमचं बारा खोल्यांचं लॉज आहे आणि मागच्या बाजूला लग्नाचा हॉल. पंधरा वर्षं मी काउंटरवर बसतो आहे. माणसांबद्दल मी जे काही शिकलो ते त्या बारा टीव्हींमुळे शिकलो, असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. मला त्यातल्या एका टीव्हीबद्दल लिहायचं आहे आणि ते लिहिताना मला लाज वाटते आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला शहाणा समजायला नको.

लॉज सुरू केलं तेव्हा टॉवेल, बादल्या, फार तर एखादी उशी चोरीला जाईल असं मी धरूनच चाललो होतो. ते सगळं गेलंही. टीव्ही जाईल हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एक चष्मेवाले, सभ्य गृहस्थ उतरले. सकाळी दहा वाजता त्यांनी माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या, मी मागवलेला चहा प्यायले, आणि आमच्याच चादरीत आमचाच टीव्ही गुंडाळून माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेले. त्यांचं सामान ऑटोत ठेवायला मी स्वतः हात लावला. "सांभाळून जी, काच हाय," असं ते म्हणाले आणि मी सांभाळून ठेवलं. दुपारी खोली झाडायला बायको वर गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, तेव्हा मला कळलं की ती काच कोणाची होती.

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव असा की एकदा कोणी मला मूर्ख बनवलं की त्याचा राग मी पुढच्या शंभर माणसांवर काढतो. आधी मी वेल्डिंगवाल्याकडून टीव्हीभोवती लोखंडी पिंजरे करून घेतले. गिऱ्हाइकं त्यावर बनियनं वाळत घालू लागली. मग मी प्रत्येक टीव्हीच्या पाठीवर लाल ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हा टीव्ही चोरीचा आहे', आणि खाली लॉजचं नाव. चोरानं कुठेही विकायला नेला तर पकडला जावा, हा त्यामागचा विचार. पुढे एक टीव्ही बिघडला तेव्हा मी तो भंडाऱ्याला दुरुस्तीला नेला. दुकानदारानं पाठ पाहिली, मला बसायला खुर्ची दिली आणि बाहेर जाऊन पोलिसांना फोन लावला. ती अक्षरं खरवडून काढायला आम्हा नवराबायकोला दोन दिवस लागले.

शेवटी जे टिकलं ते साधंच होतं. टीव्हीला खास चावीनं उघडणारे नटबोल्ट बसवले. एक चावी माझ्याकडे, एक बायकोकडे. गिऱ्हाईक खोली सोडून खाली आलं की त्याला काउंटरवर थांबवायचं, त्याचं आधार कार्ड हातात ठेवायचं, आणि वरून आवाज आला की सोडायचं. बायको वरून ओरडायची, "तीन नंबर, टीव्ही हाय!" गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि सगळ्या जिन्यातून हे ऐकू यायचं. काही लोक हसायचे, काही तोंड फिरवायचे. मला काही वाटायचं नाही. आणखी एक नियम मीच करून ठेवला होता, की जरा शंका आली तर टीव्ही काढून चादरींच्या कपाटात ठेवून द्यायचा, मला विचारत बसायचं नाही.

लग्नाचं मात्र वेगळं असतं. आमच्याकडे वराती उतरतात त्या जागेला जानोसा म्हणतात, आणि जानोशात एक चमचा जरी इकडचा तिकडे झाला तरी उत्तर द्यायचं ते मुलीच्या बापानं. त्याचंच आधार कार्ड, त्याचीच सही. म्हणून लग्न असलं की मी खोल्यांतले टीव्ही आदल्या दिवशीच काढून ठेवायचो. न राहील टीव्ही, न होईल कटकट.

एप्रिलातल्या त्या लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीचे वडील काउंटरवर आले. मोहाडीकडचे, कोशाच्या म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणणारं घर. खांदे जरा पुढे झुकलेले, मागावर बसून बसून होतात तसे. आवाज इतका हळू की पंखा बंद करून ऐकावं लागे.

"भाऊ, टीव्ही राहू द्या जी," ते म्हणाले. "नवरदेवाचा मामा मोठा मानाचा माणूस हाय. कूलर नाही, टीव्ही नाही, म्हणून मांडवात बोल लावन. माझी एकुलती एक पोरगी हाय."

"आणि गेला तं?"

"गेला तं माझ्यावर," ते म्हणाले आणि आधार कार्ड काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

टीव्ही राहिले. वरात सिहोऱ्याहून आली, धानाची शेती करणारी मंडळी, एक बस भरून. मामांना सात नंबर दिला, कारण तिथला कूलर चांगला होता. कूलर चांगला म्हणून सगळ्या वरातीतली पोट्टी सात नंबरमध्येच उड्या मारत होती. दुपारी लग्न लागलं, पंगती उठल्या, चारच्या सुमारास वराती सामान घेऊन बसकडे निघाले. बायको तेव्हा मागे हॉलमध्ये होती. मुलीच्या पाठवणीच्या वेळी बायकांची गर्दी झाली होती, त्यात ती उभी होती. म्हणून खोल्या तपासायला मी स्वतःच वर गेलो.

सात नंबरच्या भिंतीवर नुसता स्टँड होता आणि वायर लोंबत होती. बोल्ट तोडलेत की चावीनं उघडलेत, ते मी पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या जागी दुसरा कोणीही असता तर त्यानं आधी बायकोला विचारलं असतं. जिन्यावरून उतरून हॉलपर्यंत वीस पावलं होती, जास्त नाहीत. मी ती वीस पावलं चाललो नाही. मला तो चष्मेवाला आठवला आणि मी सरळ जाऊन फाटकाला कुलूप लावलं. बस आत, बसमागे नवरीची फुलं लावलेली गाडी आत, आणि मी फाटकात.

"एक टीव्ही गायब आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "सात नंबरचा. सामान पाहिल्याशिवाय कोणी जाणार नाही."

मामा बसमधून खाली उतरले. पांढरा शर्ट, तोंडात पान. ते पान त्यांनी थुंकलं आणि म्हणाले, "सात नंबर तं माझा होता. म्हणजे मीच चोर?"

"मी कोणाचं नाव नाही घेतलं."

"घेतलं नाही तं कुलूप कायले लावलं?"

मुलीचे वडील पळत आले. खांद्यावरचा कोशाचा शेला एका बाजूनं जमिनीला लागत होता. माझ्यासमोर हात जोडून ते म्हणाले, "भाऊ, मी देतो ना जी लिहून. त्यायले जाऊ द्या. पाया पडतो." मी म्हणालो, तुम्ही मधे पडू नका. हे वाक्य मी उच्चारलं तसंच्या तसं मला आजही ऐकू येतं. ज्या माणसाची मुलगी मागच्या गाडीत बसली होती, त्याला मी मधे पडू नका म्हणालो.

मग नवरदेवाच्या आईनंच आपली बॅग खाली ठेवली आणि उघडली. मी सांगितलं नव्हतं. तिनं फरसबंदीवर एकेक वस्तू काढून मांडली. मुलीकडून मिळालेली कोशाची साडी, घडीसुद्धा न मोडलेली. तिच्यावर परकर, सांधेदुखीचं तेल, गोळ्यांची पाकिटं, डब्यात घरच्या म्हाताऱ्यांसाठी घेतलेली बुंदी. "पाहा जी," ती म्हणाली. "नीट पाहा. मंग म्हणसान बुढीनं लपवला." तिच्या पाठोपाठ बाकीच्या बायकांनी पिशव्या उघडल्या. आठेक पिशव्या तरी असतील. हॉलमधले वाढपी, बँडवाले, रस्त्यावरचे ऑटोवाले, सगळे बघत होते. एखाद्या परकराच्या घडीत बत्तीस इंची टीव्ही मावत नाही, हे मलाही दिसत होतं. तरी मी तिथेच उभा राहिलो, कारण आता मागे सरलो तर मीच खोटा ठरणार होतो.

तेव्हा मुलीचे वडील मधे आले आणि मोठ्यानं बोलले. त्यांचा मोठा आवाज मी तेवढाच एकदा ऐकला.

"टीव्ही मी काढाले लावला जी. पोट्टे वायर ओढून राहिले होते, फोडतीन म्हणून मीच सांगतलं काढाले. गडबडीत इसरलो. माझी चूक. माफी करा."

ते खोटं बोलत होते. टीव्ही काढायला त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. वरातीला तिथून सुटता यावं, मुलीची गाडी निघावी, एवढ्यासाठी त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. पण सुटका तशी झाली नाही. मामांचा राग माझ्यावरून सरकला आणि त्यांच्यावर गेला.

"म्हणजे आमचे पोट्टे जंगली, आन आमच्यावर तुमचा भरोसा नाही," मामा म्हणाले. "आन हे सांगाले एवढा टाइम? आमच्या बाया रस्त्यावर लुगडे मांडून बसल्यावर आठवलं?"

मुलीचे वडील खाली बसून विहिणीची साडी उचलून द्यायला लागले, तर तिनं ती त्यांच्या हातातून ओढून घेतली.

आणि त्याच वेळी हॉलमधून बायको धावत आली. गर्दीतून वाट काढत ती माझ्याजवळ पोचली, माझ्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "काय झालं? सात नंबरचा मी काढला. पोट्टे वायरीले लटकत होते. कपाटात हाय, चादरीच्या मागं."

बस अजून उभी होती. पिशव्या अजून भरल्या जात होत्या. फाटकाची चावी माझ्या हातात होती. मला एक वाक्य बोलायचं होतं, टीव्ही आमच्याच कपाटात आहे, चूक माझी आहे. जास्तीत जास्त काय झालं असतं? मामांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत मारल्या असत्या. त्या मला मिळायलाच हव्या होत्या. मी मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. मग कुलूप उघडलं आणि फाटक बाजूला सारलं. बस गेली. फुलांची गाडीही गेली. आत मुलगी डोकं खाली घालून बसली होती, रडत होती, पण त्या दिवशी सगळ्याच मुली रडतात म्हणून मी त्याचा विचार केला नाही.

संध्याकाळी मुलीचे वडील आधार कार्ड घ्यायला काउंटरवर आले.

"भेटला का जी टीव्ही?"

"भेटला," मी म्हणालो.

कुठे भेटला, ते त्यांनी विचारलं नाही. "बरं झालं," म्हणाले आणि कार्ड खिशात ठेवून गेले. मी स्वतःची समजूत घातली की मी काही खोटं बोललो नाही. बायको त्या रात्री जेवली नाही आणि मी तिच्यावरच खेकसलो, की काढलास तर मला सांगायचं नाही का. नियम माझाच होता, हे तिनं मला ऐकवलंसुद्धा नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी ते प्रकरण विसरलो असं म्हणणं बरोबर होणार नाही. सात नंबरमध्ये जायचं मी टाळत असे, एवढं खरं. दिवाळीच्या आधी हॉलमध्ये एक साखरपुडा होता. त्याला त्या मुलीची आई पाहुणी म्हणून आली होती. तिनं माझ्या बायकोला ओळखलं आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून सगळं सांगितलं. राखीला मुलीला आणायला बाप सिहोऱ्याला गेला, तर तिला पाठवलं नाही. बापाला ओसरीवरूनच परत धाडलं. घरात काही हरवलं, चिमटा जरी सापडला नाही, तरी मुलीला ऐकवतात, तुझ्या बापानंच काढून ठेवला असन, पाहा त्याच्या थैलीत. पोळ्याला नाही, दसऱ्याला नाही. आता सिहोऱ्याची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा आली. मंडईला गावोगावचे सोयरेधायरे बोलावतात, लेकीबाळींचं माहेर येतं, आणि या वर्षी सगळ्यांना आवतन गेलं, त्यांना मात्र आलं नाही.

"त्यायनं खोटं कायले सांगतलं असन, कोणजाणे," ती बाई म्हणाली. "तो माणूस तं कधी खोटं बोलत नाही."

हे बायकोनं मला सांगितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमी जात नसान तं मी जाते. पण मी गेली तं सगळं सांगीन."

मी गेलो. जायला मला बायकोची धमकी लागली, हे लपवून उपयोग नाही.

मंडईच्या दिवशी सिहोऱ्यात पोचलो तेव्हा दहा वाजले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दुकानं लागत होती, नाटकाच्या मांडवाला पडदे बांधणं चाललं होतं. घर विचारत विचारत गेलो. ओसरीवर नवरदेवाची आई पाहुण्यांसाठी सुपात तांदूळ निवडत होती आणि खुर्चीवर मामा बसले होते. मामांनी मला लगेच ओळखलं. "या," म्हणाले, "आज कोणाची झडती घेता?"

मुलगी पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. मला पाहून दारातच थांबली. मग तिनं माझ्यासमोर पाणी ठेवलं, आणि आत न जाता भिंतीला टेकून उभी राहिली.

मी उभ्यानंच सांगितलं. टीव्ही माझ्याच कपाटात होता. माझ्याच बायकोनं काढला होता, माझ्याच नियमाप्रमाणे. हिच्या वडिलांचा त्यात काही संबंध नव्हता. तुम्हाला जाता यावं म्हणून ते बोलले. समोरचं पाणी मी घेतलं नाही.

"मंग हे तवाच बोलाले काय झालं होतं?" मामांनी विचारलं.

"तेव्हा मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "तुमची बस गेल्यावर कळलं."

हे मी ठरवून बोललो नाही. तोंडातून निघून गेलं. सात महिन्यांनी लाज सांगायला गेलो आणि तिथेही अर्धी लपवून ठेवली.

 नवरदेवाच्या आईनं सूप बाजूला ठेवलं, तिचे डोळे भरले होते. सुनेकडे न पाहताच तिनं आत असलेल्या मुलाला हाक मारली. "गाडी काढ. व्याह्याले घेऊन ये. आवतन माझ्या नावानं सांग, म्हणावं ईहीण स्वतः आली असती पण पाय चालत नाही." मुलगी तोंडाला पदर लावून आत गेली. भांडी आपटल्याचा, मग नळ सोडल्याचा आवाज आला. मी निघतो म्हणालो तर मामांनी हात धरून बसवलं. "मंडईच्या दिवशी कोणी उपाशी जात नाही," म्हणाले. खरं सांगतो, मला तेव्हा फार हलकं वाटलं. काम फत्ते झालं असं वाटलं.

दुपारी मुलीचे वडील आले. मोटारसायकलवरून उतरले, सहा-सात महिन्यांत जरा वाळलेले दिसले. मामांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात टाकला. मुलगी बाहेर आली आणि बापाला बिलगून उभी राहिली, ओसरीवर एवढी माणसं असूनही. मी नजर फिरवली. थोड्या वेळानं हातपाय धुवायला ते न्हाणीकडे गेले आणि मला खुणेनं बोलावलं. बादलीपाशी आम्ही दोघंच होतो.

"भाऊ, एक विचारू का जी?"

"विचारा."

"बस निघाली, तवा तुमाले माईत होतं का, टीव्ही कुठं हाय तं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी लोट्यानं पायांवर पाणी घातलं. आधी एका, मग दुसऱ्या. लोटा बादलीत ठेवला.

"तुमच्या बाई हॉलातून आल्या," ते त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या कानाशी बोलल्या. मंग तुमी माझ्याकडं पायलं. मी बी तुमच्याकडंच पाहून राहिलो होतो. मले वाटलं, आता बोलान."

 त्यांनी शेल्यानं तोंड पुसलं.

"चला," ते म्हणाले. "जेवण थंडं होऊन राहिलं."

पंगतीत त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं आणि वाढायला आलेल्या मुलीला म्हणाले, "काकाले भाजी वाढ, बाई." तिनं वाढली. मी जेवण संपेपर्यंत ताटावरून मान वर केली नाही.